मोजणी वेगळी, हिशेब वेगळा: सीपीयूच्या आकड्यांसाठी सी लायब्ररी लिहिताना

प्रोसेसर किती कामात आहे हे सांगणारी सी लायब्ररी लिहायला घेतली की पहिल्याच बैठकीत हात एका फंक्शनकडे वळतो. नाव ‘गेट_सीपीयू_पर्सेंट’, आर्ग्युमेंट एकही नाही, परत मिळतो एक डबल. वापरणाऱ्याला याहून सोपे काय हवे? पण हे फंक्शन हेडरमध्ये एकदा गेले की मागे घेता येत नाही, आणि ते मुळातच चुकीच्या पायावर उभे आहे. या लेखात मी लिनक्सला धरून सांगतो, कारण तिथले बारकावे सर्वात जास्त आहेत. इतर सिस्टिम्स जिथे वेगळे वळण घेतात तिथे तेही येईल.

कर्नल टक्के देत नाही. तो देतो मशीन सुरू झाल्यापासून साठत गेलेले आकडे. घरच्या वीजमीटरवर या महिन्याचे युनिट लिहिलेले नसतात, एकूण रीडिंग असते, आणि बिल निघते ते मागचे रीडिंग वजा करून. सीपीयूची टक्केवारीही अशीच दोन रीडिंगांमधून निघते. मग आर्ग्युमेंट न घेणाऱ्या फंक्शनला मागचे रीडिंग मिळते कुठून? आत दडवलेल्या एखाद्या स्टॅटिक व्हेरिएबलमधून. इथेच सगळी गडबड सुरू होते. एक थ्रेड दर पाच सेकंदांनी आकडा विचारतो आणि दुसरा दर शंभर मिलिसेकंदांनी. दुसऱ्याने विचारले की मागचे रीडिंग बदलते, त्यामुळे पहिल्याला पाच सेकंदांच्या सरासरीऐवजी शेवटच्या शंभर मिलिसेकंदांचा तुकडा मिळतो. दोघांनाही पत्ता लागत नाही, कारण आकडा शून्य ते शंभरच्या आतच असतो. पहिल्यांदा बोलावल्यावर काय द्यायचे, हाही प्रश्न उरतोच. पायथनच्या पीएसयुटिल लायब्ररीत इंटरव्हल न देता टक्केवारी मागितली तर पहिले उत्तर ०.० येते, आणि ते निरर्थक आहे, सोडून द्या, असे तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिले आहे. लिहिले हे चांगलेच केले. पण ज्या इंटरफेसला अशी सूचना जोडावी लागत नाही तो अधिक चांगला.

म्हणून लायब्ररीचे दोन भाग करा. एक भाग फक्त वाचतो: या क्षणी कर्नलकडे काय आकडे आहेत ते एका स्नॅपशॉटमध्ये भरून देतो. दुसरा भाग फक्त गणित करतो: दोन स्नॅपशॉट घेतो आणि त्यांतला फरक देतो. हा दुसरा भाग फाइल उघडत नाही, घड्याळ बघत नाही, मागचे काही लक्षात ठेवत नाही. तेच दोन स्नॅपशॉट पुन्हा दिले तर तेच उत्तर आले पाहिजे. मग पाच सेकंदवाला थ्रेड आपले दोन स्नॅपशॉट बाळगतो, शंभर मिलिसेकंदवाला आपले, आणि कोणी कोणाच्या आड येत नाही.

फंक्शने फार लागत नाहीत. ‘सीस्टॅट_ओपन’ एक हँडल देते, ‘सीस्टॅट_क्लोज’ ते सोडते. ‘सीस्टॅट_स्नॅप_न्यू’ रिकामा स्नॅपशॉट बनवते, ‘सीस्टॅट_रीड’ तो भरते, ‘सीस्टॅट_स्नॅप_फ्री’ तो सोडते. ‘सीस्टॅट_गेट’ स्नॅपशॉटमधला एक आकडा काढून देते आणि ‘सीस्टॅट_डिफ’ वजाबाकी करते. प्रत्येक नावाला एकच उपसर्ग असू द्या. सी मध्ये नेमस्पेस नाही. ‘रीड_स्टॅट’ असे उघडे नाव घेतले तर ते उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी नावाशी भिडणार.

आता आकडे जवळून पाहू. लिनक्सवर ‘/प्रॉक/स्टॅट’ ही फाइल उघडली की पहिली ओळ ‘सीपीयू’ या शब्दाने सुरू होते आणि तिच्यात सगळ्या प्रोसेसरांची बेरीज असते. त्याखाली ‘सीपीयू०’, ‘सीपीयू१’ अशी प्रत्येकाची स्वतंत्र ओळ. आजच्या कर्नलमध्ये प्रत्येक ओळीत दहा रकाने आहेत: यूजर, नाइस, सिस्टिम, आयडल, आयओवेट, आयआरक्यू, सॉफ्टआयआरक्यू, स्टील, गेस्ट आणि गेस्टनाइस. हे दहाही पहिल्यापासून नव्हते. सुरुवातीला चारच होते. आयओवेट २.५.४१ मध्ये आला, दोन्ही आयआरक्यू २.६.० मध्ये, स्टील २.६.११ मध्ये, गेस्ट २.६.२४ मध्ये आणि गेस्टनाइस २.६.३३ मध्ये. यावरून पार्सरने काय शिकायचे ते उघड आहे. रकाने कमी मिळाले तर अडखळायचे नाही, जास्त मिळाले तर पुढचे निमूट सोडून द्यायचे, आणि उद्या अकरावा येईल हे धरून चालायचे.

चार कोअरच्या मशीनवर एका सेकंदाच्या अंतराने दोन रीडिंगे घेतली असे समजा. पहिल्या ओळीत यूजर १२० ने वाढला, सिस्टिम ३० ने, आयडल २४० ने, आयओवेट ६ ने आणि सॉफ्टआयआरक्यू ४ ने. बेरीज ४००. सेकंदाला १०० टिक, कोअर चार, वेळ एक सेकंद, हिशेब जुळतो. आयडल आणि आयओवेट हे दोन्ही रिकाम्या वेळेत धरले तर काम झाले १५४ टिक, म्हणजे ३८.५ टक्के. पण त्याच मशीनवर एक व्हर्च्युअल मशीन चालू होते आणि गेस्टचा रकानाही १०० ने वाढला होता. दहाही रकान्यांची सरळ बेरीज करणारा प्रोग्रॅम एकूण ५०० धरतो, त्यातले काम २५४, आणि सांगतो ५०.८ टक्के. चूक कुठे झाली? गेस्टचा वेळ कर्नलने यूजरमध्ये आधीच मिळवलेला असतो, तसाच गेस्टनाइसचा नाइसमध्ये. वेगळा रकाना आहे तो फक्त माहितीसाठी. एचटॉप हा प्रोग्रॅम यूजरमधून गेस्ट वजा करून मग पुढे जातो. तुमच्या लायब्ररीनेही ही वजाबाकी वाचतानाच उरकावी आणि हेडरमधल्या टिपेत तसे लिहावे. म्हणजे ‘सगळे खाने एकमेकांपासून वेगळे आहेत, बेरीज केली की एकूण वेळ मिळतो’ असे वचन तुम्हाला देता येते. वापरणाऱ्याला एवढे एक वचन मिळाले तर त्याच्या निम्म्या चुका होण्याआधीच टळतात.

आयओवेटबद्दल मात्र कसलेही वचन देऊ नका. प्रॉकच्या मॅन पेजवरच लिहिले आहे की हा आकडा भरवशाचा नाही. डिस्कची वाट बघणारा प्रोसेस त्या वेळी कुठल्याच प्रोसेसरवर चालत नसतो, त्यामुळे ती वाट नेमक्या कुठल्या प्रोसेसरच्या नावावर मांडायची याला पक्के उत्तर नाही. शिवाय काही परिस्थितीत हा आकडा चक्क कमी होतो. समजा तो ३३१६ वरून ३३१४ वर आला. ६४ बिटी अनसाइन्ड वजाबाकीत याचे उत्तर उणे दोन येत नाही, १८४४६७४४०७३७०९५५१६१४ येते. तेवढा एक आकडा बेरजेत गेला की आलेख थेट आभाळाला भिडतो आणि रात्री दोन वाजता कोणाला तरी फोन जातो. ‘सीस्टॅट_डिफ’ मध्ये वजाबाकीच्या आधी तुलना करा. नवा आकडा लहान असेल तर फरक शून्य धरा आणि तसे झाल्याची खूण निकालात ठेवा. गुपचूप शून्य करू नका. ज्याला फरक पडत नाही तो खुणेकडे बघणार नाही, पण ज्याला पडतो त्याला ती हवीच.

शून्याबद्दल आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या रचनेत ती सर्वात महत्त्वाची आहे. ‘स्टील शून्य आहे’ आणि ‘या सिस्टिमवर स्टील मोजतच नाहीत’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. भाड्याच्या सर्व्हरवर आपला वेळ हायपरवायझरने दुसऱ्याला दिला का, हे स्टीलवरून कळते. तिथे शून्य दिसले तर माणूस निश्चिंत होतो. मोजमापच नसताना शून्य दाखवणे म्हणजे त्याला खोटा दिलासा देणे. लिनक्सच्या ‘स्टॅटएक्स’ या सिस्टिम कॉलने हा प्रश्न छान सोडवला आहे: परत येणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये एक मास्क असतो आणि कोणते खाने खरोखर भरले ते त्यातले बिट सांगतात. आपल्याकडे ‘सीस्टॅट_गेट’ ने आकडा पॉइंटरमधून द्यावा आणि रिटर्न व्हॅल्यूमध्ये यश किंवा ‘हा खाना उपलब्ध नाही’ असा स्वतंत्र एरर कोड. यामुळे वापरणाऱ्याला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात. त्या लिहू द्याव्यात.

आकडे स्ट्रक्चरमध्ये द्यायचे की फंक्शनमधून, हा वाद सी लिहिणाऱ्यांत जुनाच आहे. सगळे पॉइंटर आर्ग्युमेंटमध्ये मांडण्याचा रस्ता तर नकोच. प्रॉकपीएसच्या जुन्या लायब्ररीत ‘गेटस्टॅट’ नावाचे फंक्शन होते, त्याला एकामागून एक अठरा पॉइंटर द्यावे लागत, आणि त्यांतल्या तिघांची नावे सीएक्सएक्सएक्स, सीवायवायवाय आणि सीझेडझेडझेड अशी होती. एकाच टाइपच्या दोन पॉइंटरांची अदलाबदल झाली तर कंपाईलर अवाक्षर काढत नाही. २०२२ मध्ये आलेल्या प्रॉकपीएस-एनजी ४.० ने ही लायब्ररी नव्याने बांधली: हँडल आतून झाकलेले, आणि कुठला आकडा हवा ते इनमच्या यादीतून मागायचे.

उघडे स्ट्रक्चर द्यायचे असेल तर पहिला सदस्य त्याच्या आकाराचा ठेवा. वापरणारा त्यात साइजऑफ भरतो आणि लायब्ररी तेवढ्याच बाइट्सपर्यंत लिहिते. जुन्या हेडरवर कंपाईल झालेला प्रोग्रॅम नव्या लायब्ररीशी जोडला गेला तरी त्याच्या स्टॅकवर कोणी पाय देत नाही. लिनक्समध्ये ‘पर्फ_इव्हेंट_ओपन’ च्या स्ट्रक्चरमध्येही आकाराचा सदस्य असतो, आणि ‘ओपनएट२’ आकार वेगळ्या आर्ग्युमेंटमधून घेतो. माझी पसंती मात्र गेटर फंक्शनला आहे. स्ट्रक्चर पूर्ण झाकलेले राहते, आतली मांडणी हवी तेव्हा बदलता येते, आणि फंक्शन कॉलचा जो खर्च म्हणतात तो ‘/प्रॉक/स्टॅट’ वाचण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. फक्त इनममधल्या प्रत्येक नावाला आकडा स्वतः द्या आणि एकदा दिलेला आकडा कधीही हलवू नका. नवीन नाव यादीच्या शेवटीच जोडायचे, वर्णक्रम लावायचा मोह झाला तरी.

एकक कोणते ठेवावे? कर्नल टिकमध्ये बोलतो, आणि सेकंदाला किती टिक हे ‘सिसकॉन्फ’ ला विचारून कळते. बहुतेक ठिकाणी १००. टिक तसेच बाहेर दिले तर प्रत्येक वापरणारा तो भागाकार स्वतः करणार, आणि कोणी तरी कोडमध्ये १०० ठोकून देणार. तेव्हा रूपांतर लायब्ररीनेच करावे. नॅनोसेकंद हे आजचे आवडते एकक आहे, पण इथे जरा थांबा. ६४ बिटांत ५८४ वर्षांचे नॅनोसेकंद मावतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. १०२४ प्रोसेसरांच्या बेरजेत मात्र सगळा वेळ एकाच खान्यात पडला तर तोच आकडा साधारण २०८ दिवसांत भरतो. मायक्रोसेकंद घ्या. कंट्रोल ग्रुपची ‘सीपीयू.स्टॅट’ फाइलही मायक्रोसेकंदांतच आकडे देते. सोबत आकड्याची मूळ बारकाई किती हे सांगणारे एक छोटे फंक्शन ठेवा, कारण लिनक्सवर एक टिक म्हणजे १०,००० मायक्रोसेकंद. शंभर मिलिसेकंदांत एका कोअरच्या वाट्याला दहाच टिक येतात, म्हणून एवढ्या जवळ घेतलेल्या दोन रीडिंगांतली टक्केवारी दहा-दहाच्या पायऱ्यांनीच चढते-उतरते. ती तीन दशांश स्थळांपर्यंत छापण्यात काही अर्थ नाही, हे वापरणाऱ्याला याच फंक्शनवरून कळेल.

प्रत्येक स्नॅपशॉटवर वेळेचा शिक्काही हवा, आणि तो मोनोटोनिक घड्याळाचा. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ नेटवर्कवरून दुरुस्त होते, मागेही जाऊ शकते. सोलारिसच्या केस्टॅट इंटरफेसमध्ये प्रत्येक नोंदीसोबत स्नॅपटाइम येतो. ती जुनी, शहाणी रचना आहे. ही लायब्ररी लिहिण्याआधी केस्टॅटची मॅन पेजेस वाचून काढा.

प्रोसेसरचा क्रमांक आणि ॲरेमधली जागा या दोन गोष्टी एक मानू नका. चालू मशीनवर प्रोसेसर बंद करता येतो, आणि बंद केलेल्याची ओळ ‘/प्रॉक/स्टॅट’ मधून नाहीशी होते. ‘सीपीयू२’ गेला की तिसऱ्या जागी ‘सीपीयू३’ येतो. जागेवरून वजाबाकी केली तर दोन वेगळ्या प्रोसेसरांचे आकडे एकमेकांतून वजा होतात. जुळवणी क्रमांकावरूनच करा, आणि जो एकाच स्नॅपशॉटमध्ये आहे त्याचा फरक देऊच नका. सगळ्यात वरची बेरजेची ओळ स्वतंत्रच वाचा. तिच्यात बंद असलेल्यांचा जुना वेळही धरलेला असतो, त्यामुळे खालच्या ओळींची बेरीज तिच्याशी जुळेलच असे नाही. संख्येवर मर्यादाही घालू नका. ग्लिबसीमधला ‘सीपीयू_सेट_टी’ १०२४ बिटांचा ठरवला गेला, आणि पुढे मोठ्या मशीनांसाठी ‘सीपीयू_ॲलॉक’ सारखे वेगळे मॅक्रो आणावे लागले. स्नॅपशॉटची मेमरी लायब्ररीनेच गरजेप्रमाणे वाढवावी. वापरणारा दोन स्नॅपशॉट आलटून-पालटून वापरत राहिला की दर वेळी नवी मेमरी मागण्याची वेळ येत नाही.

आतल्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी इंटरफेसमध्ये दिसत नाहीत, पण त्याच्यावर परिणाम करतात. फाइल प्रत्येक वेळी उघडू-बंद करू नका. हँडलमध्ये एकदा उघडून ठेवा आणि ‘पीरीड’ ने शून्य ऑफसेटपासून वाचा. ‘एलसीक’ करून ‘रीड’ केले तरी चालते असे वाटते, पण फोर्कनंतर आई आणि मूल या दोन्ही प्रोसेसांचा ऑफसेट एकच असतो, आणि दोघे एकाच वेळी वाचू लागले की अर्धी ओळ याला आणि अर्धी त्याला. ‘पीरीड’ मध्ये तो प्रश्नच येत नाही. उघडताना क्लोज-ऑन-एक्झेक लावायला विसरू नका. बफर ४०९६ बाइट्सचा ठोकून ठेवू नका, कारण सीपीयूच्या ओळींनंतर येणारी इंटरप्टची ओळ मोठ्या मशीनवर एकटीच हजारो बाइट्सची असते. सीपीयूच्या ओळी संपल्या की पार्सिंग थांबवा. मात्र कर्नलने सगळा मजकूर एका झटक्यात तयार केलेला असतो, म्हणून तेवढ्याने त्याचा खर्च वाचत नाही. वाचन स्वस्त नाही, हे हेडरमध्ये लिहा.

इतर सिस्टिम्सवर नेताना खाने बदलतात. फ्रीबीएसडी ‘केर्न.सीपी_टाइम्स’ मधून पाच अवस्था देते, मॅकओएस चारच. विंडोजच्या ‘गेटसिस्टिमटाइम्स’ मध्ये कर्नलच्या वेळेत आयडलचा वेळही मिसळलेला असतो, तो वजा करावा लागतो. मॅकओएसचे आकडे ३२ बिटांचे आहेत. सेकंदाला १०० टिकांच्या हिशेबाने ते सुमारे ४९७ दिवसांत फिरून शून्यावर येतात. लिनक्सवर आकडा कमी झाला तर फरक शून्य धरायचा, आणि मॅकओएसवर कमी झाला तर फेरी पूर्ण झाली असे समजायचे. हा भेद ‘सीस्टॅट_डिफ’ ला कधीच कळू शकत नाही, त्या-त्या सिस्टिमच्या वाचणाऱ्या कोडलाच कळतो. म्हणून ३२ बिटांचा आकडा ६४ बिटांत ताणण्याचे काम हँडलच्या आत, वाचतानाच व्हावे. त्यासाठी हँडलला मागचा कच्चा आकडा लक्षात ठेवावा लागेल. या लायब्ररीत एवढीच स्मृती मला मान्य आहे, आणि तिच्यामुळेच एक हँडल एका वेळी एकाच थ्रेडने वापरावे ही अट येते.

कंटेनरमध्ये ‘/प्रॉक/स्टॅट’ सहसा संपूर्ण मशीनचे आकडे दाखवते, त्या कंटेनरचे नाही. हे आपोआप ओळखून आकडे बदलण्याच्या फंदात पडू नका. लायब्ररीचे नाव ‘सिस्टिमचे आकडे’ असेल तर तिने सिस्टिमचेच द्यावेत. कंट्रोल ग्रुपसाठी वेगळे ओपन फंक्शन काढा. मात्र ‘सीस्टॅट_ओपन’ ला प्रॉकचा मार्ग आर्ग्युमेंट म्हणून घेऊ द्या, नल दिला तर नेहमीचा. प्रोमिथियसच्या नोड एक्सपोर्टरमध्ये अशी सोय आहे आणि होस्टचा प्रॉक कंटेनरमध्ये दुसऱ्या जागी माउंट केला की ती उपयोगी पडते.

याच आर्ग्युमेंटमुळे चाचण्याही करता येतात. एक फोल्डर बनवा, त्यात हाताने लिहिलेल्या ‘स्टॅट’ फाइल्स ठेवा आणि त्यांच्यावर लायब्ररी चालवा: चारच रकाने असलेली जुन्या कर्नलची, बारा रकाने असलेली काल्पनिक पुढच्या कर्नलची, ‘सीपीयू२’ मधूनच गायब असलेली, आयओवेट दोनने घटलेली जोडी, लाखभर अक्षरांची इंटरप्टची ओळ असलेली, अगदी रिकामी, आणि सीपीयूच्या ओळीतच मध्ये तुटलेली. शेवटच्या दोन फाइल्सवर ‘सीस्टॅट_रीड’ ने एरर द्यावा आणि स्नॅपशॉटमध्ये आधी जे होते ते जसेच्या तसे राहू द्यावे. म्हणजे वाचून आधी तात्पुरत्या जागेत भरायचे, सगळे नीट पार पडले तरच अदलाबदल करायची. फोल्डरच अस्तित्वात नसेल, म्हणजे क्रूटमध्ये प्रॉक माउंट झालेले नसेल, तर एरर ‘ओपन’ मध्येच यावा, पहिल्या ‘रीड’ ची वाट बघू नये. एरर कोड उणे एर्नो म्हणून परत द्या आणि लायब्ररीतून स्टँडर्ड एररवर काहीही छापू नका. तो प्रवाह वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमचा आहे.